गाडी गरम होते, पण नेमकी कधी?

मे महिन्यात कसारा घाटात कधीही जा, दोन-चार गाड्या बोनेट वर करून डावीकडे उभ्या दिसतातच. एखादा घामाघूम गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत असतो आणि मागून कोणीतरी ओरडतं, "अहो, हात नका लावू!" दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होतो. गाडी अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. शहरात कधी कुरकुर नाही, महामार्गावर नाही, पण घाटाच्या वरच्या टप्प्यात तापमानाचा काटा चढू लागला.

पुढच्या दोन महिन्यांत मी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उतरवून साफ करून घेतला. एका गॅरेजवाल्याने तर "हेड गॅस्केट उडालंय, इंजिन उघडावं लागेल" असंही सांगून टाकलं (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या जोडातलं सील). दोष निघाला रेडिएटरच्या झाकणात. आतलं रबर वाळून चिरलं होतं. तीनशे रुपयांच्या आत काम झालं.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट कळली. "गाडी गरम होते" हे वाक्य मेकॅनिकला काहीच सांगत नाही. ती कधी गरम होते हे सांगितलं, तर निम्मं निदान तिथेच होतं. पुढचं सगळं त्या 'कधी'भोवतीच आहे. हातात पाना न धरलेल्या माणसाने वाचावं म्हणून लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी काही परिच्छेद ओलांडले तरी चालतील.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

इंधन जळून जी ऊर्जा तयार होते, तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालवायला उपयोगी पडतो. तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेली उष्णता इंजिनच्या अंगात मुरते. ती बाहेर काढणं हे कूलंटचं काम. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. त्यात गंजरोधक रसायनंही असतात. बोलताना सगळे त्याला 'पाणी'च म्हणतात, मीही म्हणेन.

वॉटर पंप हे पाणी इंजिनमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे पाणी आतल्या आतच घुटमळतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅटमधलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वळतं. तिथे जाळीतून जाणारी हवा त्याला थंड करते. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो. उभी असेल तर पंखा लागतो आणि तो बहुतेक गाड्यांत ९५ अंशांच्या आसपास सुरू होतो.

आता झाकण. आपण त्याला डब्याच्या झाकणासारखं समजतो, पण ते काम करतं कुकरच्या शिट्टीसारखं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तेवढा दाब होईपर्यंत ते पाणी कोंडून धरतं. दाब नसेल तर साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, ६०० मीटरच्या आसपास असलेल्या इगतपुरीत ९८ ला आणि महाबळेश्वरला ९६ च्याही जरा खाली. झाकणाने ०.९ चा दाब धरला की तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं आणि अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट १२५ पर्यंत तग धरतं. माझं झाकण दाब धरत नव्हतं. सपाटीवर त्याने काही बिघडत नव्हतं, कारण तापमान शंभरच्या खालीच राहायचं. घाटात ते शंभरी गाठायचं आणि पाणी उकळायचं.

रस्त्यात काटा चढला तर

निदान नंतर. आधी इंजिन वाचवा.

१. एसी बंद करा. खिडक्या खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण डॅशबोर्डामागचा हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनची उष्णता तो केबिनमध्ये ओततो. घाम येईल, पण काटा बऱ्याचदा जरा खाली येतो.

२. चढावर असाल तर वरच्या गिअरमध्ये इंजिनला रडवू नका. एक गिअर खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा. इंजिन थोडं जास्त फिरलं की पंपही जास्त पाणी फिरवतो.

३. काटा लाल पट्ट्यात गेला, लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ दिसली, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" हे वाक्य महाग पडतं. ॲल्युमिनियमचं हेड या तापाने वाकतं आणि मग काम पाच आकड्यांत जातं. हॅझर्ड दिवे लावा, माणसांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

४. इंजिन बंद करून चावी पुन्हा 'ऑन'वर नेऊन बघा. पंखा फिरला तर फिरू द्या.

५. किमान पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. कोंडलेलं पाणी शंभरच्या वर तापलेलं असतं. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड होज पाईप फडक्यातून दाबून बघा. तो मऊ लागला आणि हात टिकला, तरच झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

६. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतू नका, आतही एकदम भरू नका. धातू तडकतो. अडीअडचणीला पिण्याचं साधं पाणी चालतं, पण थोडं थोडं. घरी पोचल्यावर ते काढून नीट कूलंट भरायचं.

काट्याबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध खिळवलेला असतो. पंचाहत्तर अंश असोत की शंभर, तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. पाणी पूर्ण वाहून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. वाफ दिसते आहे, हीटर अचानक थंड हवा टाकतो आहे आणि काटा मात्र शहाण्यासारखा खाली, असं दिसलं तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

आता मुख्य प्रश्न: कधी?

एक वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. काटा चढला तेव्हा वेग किती होता, चढ होता का, एसी चालू होता का, इंजिन सुरू करून किती मिनिटं झाली होती, हीटरने काय केलं. तीन-चार नोंदींत चित्र उमटतं.

*सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळाली की उतरतो.* हा नव्वद टक्के पंख्याचा मामला. पंखा फिरतच नाही, उशिरा फिरतो किंवा अर्ध्या वेगाने फिरतो. रेडिएटर ठीक आहे, कारण वारा मिळाला की तो काम करतोय.

*शहरात ठीक, पण महामार्गावर शंभरच्या वेगाला किंवा लांब चढाला चढतो.* इथे पंख्याचा दोष नाही, वारा भरपूर आहे. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. आतून क्षारांनी भरलेला रेडिएटर, बाहेरून चिखल-किड्यांनी बुजलेली जाळी, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पाती झिजलेला पंप, किंवा जोरात पाणी ओढलं की आत चिमटणारा खालचा होज. माझ्यासारखं झाकणही यातच येतं.

*सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि सात-आठ मिनिटांत काटा लालला.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पाणीच नाही, किंवा गॅस्केट गेलंय. यात गाडी चालवून बघण्याचा प्रयोग करू नका.

*फक्त एसी लावल्यावर.* एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि आपली उष्णता त्याच्यावर टाकतो. दोघांच्या फटीत कचरा साचला असेल किंवा पंखा कमजोर असेल, तर एसीचं ओझं त्याला पेलत नाही.

*काटा वरखाली नाचतो, हीटर कधी गरम कधी थंड.* पाण्यात हवा धरली आहे. बहुधा नुकतंच कोणीतरी कूलंट बदललेलं असतं.

*काटा कधी मध्यावर येतच नाही, मायलेजही घसरलंय.* हा उलटा आजार, थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा. किंवा कोणीतरी तो काढूनच टाकलाय, त्यावर पुढे बोलतो.

घरी करायच्या तपासण्या, स्वस्तापासून महागाकडे

इंजिन पूर्ण थंड हवं. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून पात्यांत बोटं घालायची नाहीत.

*पाण्याची पातळी.* फक्त बाटली (रेडिएटरला नळीने जोडलेली प्लास्टिकची छोटी टाकी) बघून थांबू नका, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. बाटलीत खुणेपर्यंत पाणी आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा, हे झाकण बिघडल्याचं सरळ लक्षण. तापल्यावर पाणी बाटलीत जातं आणि थंड झाल्यावर परत ओढलं जायला हवं, ते ओढलं जात नाही. माझ्या गाडीत दर घाटानंतर बाटली आधीपेक्षा जास्त भरलेली दिसायची आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो की पाणी कमी होत नाहीये. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, बाटलीच दाबाची असते आणि तिचंच झाकण दाब धरतं. तिथे नियम तोच, जागा वेगळी.

पाण्याचा रंग विटकरी असेल तर गंज, वर तेलाचा तवंग असेल तर चिंता. हिरवा, लाल, निळा या रंगांवर फार जाऊ नका. रंग कंपनी टाकते, त्यावरून प्रकार कळतोच असं नाही. दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घ्या.

*गळती.* रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग कुठे आहे ते बघा. नवख्यांची नेहमीची फसगत म्हणजे एसीचं पाणी. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि केबिनच्या बाजूला ठिबकतं. कूलंट चिकट असतं, गोडसर वास येतो आणि वाळल्यावर पांढरा किंवा रंगीत खर उरतो. होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमशी असलेला जोड आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बॅटरीच्या उजेडात बघा. पंपाच्या त्या भोकातून ओघळ दिसला की सील गेलं, पंप बदला, त्यात वाद नाही. पुढच्या सीटखालचं पायपुसणं ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल, तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

सीएनजी किट असलेल्या गाड्यांत एक जास्तीची जागा तपासा. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनचं गरम पाणी दिलेलं असतं. त्यासाठी होज कापून जोड टाकलेले असतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे जोड कुठेतरी वर टांगलेले असतात. तिथे गळतीही होते आणि हवाही अडकते. पेट्रोलवाल्यांचे सगळे सल्ले ऐकून झाल्यावर बिचारे सीएनजीवाले शेवटी तिथे पोचतात.

सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. पुसा, भरपूर पाण्याने धुवा, डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

*झाकण.* रबर चिरलंय का, स्प्रिंग गंजली का, मधली छोटी झडप बोटाने ओढून सोडल्यावर परत बसते का. आणखी एक खूण: गाडी पूर्ण तापलेली असताना वरचा होज टणक लागायला हवा (फडक्यातून दाबा). तापूनही तो लिबलिबीत असेल तर दाब धरला जात नाहीये. नवीन झाकण त्याच आकड्याचं घ्या. "जास्त आकड्याचं टाकू, म्हणजे उकळणार नाही" म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकलं तर पुढची गळती जुन्या होजमधून किंवा रेडिएटरच्या जोडातून होते.

*पंखा.* इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरतो. फिरला तर मोटर आणि तिची वायर ठीक. मग एसी बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून वाट बघा. पंखा आपणहून लागला नाही तर संशय सेन्सरवर.

एसीवरही फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच). फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा असतो. हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो. अंगावरचा नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला, की निदान पूर्ण. रिलेही ठीक असेल तर पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट द्या. मध्ये फ्यूज असलेली जाड वायर वापरा, कारण ही मोटर दहा ते वीस अँपिअर सहज ओढते. थेट दिल्यावरही फिरली नाही किंवा ढकलल्यावरच फिरली, तर मोटरचे कार्बन (आतले घासणारे ब्रश) संपलेत.

बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला की संगणक घाबरून पंखा पूर्ण वेगाने सोडतो. तसं झालं तर मोटर, रिले, वायर सगळं शाबूत आणि सेन्सर संशयित. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर पुसता येतो. मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा रोध मोजा. २० अंशांना तो साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो, गाडीगणिक थोडा फरक पडतो.

पाच-सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) घेतलात तर फोनवर खरं तापमान अंशांत दिसतं, खिळवलेल्या काट्याची गरज उरत नाही. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना तो चालतो. संगणकाने नोंदवलेले दोषाचे कोडही त्यात दिसतात. पी०१२८ कोड म्हणजे इंजिन तापतच नाहीये, थर्मोस्टॅट उघडा. पी०११५ ते पी०११९ सेन्सरचे, पी०४८० पंख्याच्या सर्किटचा, पी०२१७ म्हणजे इंजिन खरोखर जास्त तापलं होतं. माझ्या मते नवख्याने पहिली खरेदी हीच करावी.

*थर्मोस्टॅट.* थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. काही मिनिटं तो गारच राहायला हवा, मग अचानक गरम. पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला तर झडप उघडी अडकलीय. काटा चढून गेला तरी गारच राहिला तर बंद अडकलीय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजला असतो, तिथे हीच परीक्षा खाली. काढून तपासायचा तर दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा आणि तापमापक ठेवून गरम करा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असं कोरलेलं असतं, त्या तापमानाला झडप हलू लागते आणि आणखी दहाएक अंशांनी पूर्ण उघडते. यासाठी चहाचं पातेलं घेऊ नका. ग्लायकॉल विषारी आहेच, शिवाय घरच्यांना ते आवडत नाही.

"वॉल काढून टाकतो साहेब, आपल्याकडे थंडी कुठे असते?" हे तुम्हाला हमखास ऐकू येईल. वॉल म्हणजे हाच थर्मोस्टॅट. नको म्हणा. इंजिन सतत अर्धकच्चं तापलेलं राहतं, पेट्रोल जास्त जातं, तेलात गाळ धरतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली जवळची वाट बंद करत असतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

*रेडिएटर.* समोरून बॅटरी मारून जाळी बघा. किडे, गवताची कुसळं, लाल माती. पाण्याचा फवारा हलका ठेवा आणि शक्य असेल तर इंजिनच्या बाजूकडून बाहेर मारा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा पातळ पापुद्रे दुमडतो आणि होती ती हवाही अडते. रेडिएटर आतून तुंबलाय का हे ओळखायचं तर गाडी तापलेली असताना, इंजिन आणि चावी बंद करून, बिनस्पर्शाच्या तापमापकाने जाळीवर वेगवेगळ्या ठिकाणी नेम धरा. पाणी आत येतं त्या बाजूकडून बाहेर जातं त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एक पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. बॅटरीत घालतात तसं डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. हल्लीचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर प्लास्टिकच्या टाक्यांसकट येतात, जुन्या पितळी रेडिएटरसारखं ते खोलून सळ्या मारून साफ करणं फारसं टिकत नाही. पट्टे गार असतील तर बदलाच.

*वॉटर पंप.* बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झालाय का, कुई आवाज येतो का, पुली हलवली तर खुळखुळते का. पात्यांचा दोष बाहेरून दिसत नाही. बाकी सगळं ठीक आणि तरीही चढाला तापते, तेव्हाच पंप. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या झडपा वेळेवर हलवणाऱ्या पट्ट्यावर) असेल तर दोन्ही एकदमच बदलून घ्या, मजुरी एकदाच पडते.

गॅस्केट: घाबरण्याआधी

हेड गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात घुसतो. त्याच्या खुणा अशा. थंड इंजिन सुरू केल्यावर एकाच मिनिटात वरचा होज टणक. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं तर पाण्यात न थांबणारे बुडबुडे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, तोही इंजिन तापल्यानंतर. डिपस्टिकवर (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल. गळती कुठेच नाही, पण आठवड्याला अर्धा लिटर पाणी गायब.

सकाळचा पहिल्या दोन मिनिटांचा पांढरा धूर ही नुसती वाफ असते. पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांच्या तेलाच्या टोपीखाली सायीसारखा थर दिसतो, तो बहुधा हवेतल्या दमटपणाचा. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर लांबच्या एका फेरीनंतर तो जातो. त्या सायीवरून हेड उघडून बसलेले लोक मी पाहिलेत.

पक्कं करायचं तर गॅरेजला रासायनिक चाचणी मागा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवतात. पाण्यात जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी न करता कोणी हेड उघडायला निघाला तर गाडी परत आणा. हेड उघडायचंच झालं तर ते वाकलंय का हे पट्टीने मोजून घ्या आणि गरज असेल तरच प्लेन करायला (घासून सपाट करायला) द्या.

सगळं तपासून काहीच सापडत नाही, असंही होतं. मग ब्रेक धरून राहिलेत का बघा. पंधरा मिनिटं चालवून एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर इंजिन बिचारं त्याला ओढत असतं. घसरणारी क्लच, कमी झालेलं इंजिन ऑइल, तुंबलेला सायलेन्सर यांचंही पाप पाण्याच्या माथी येतं.

पाणी भरताना हवा काढणं

अर्ध्या तक्रारी दुरुस्तीनंतर उगवतात, त्या इथे चुकल्यामुळे. शक्य असेल तर गाडीचं तोंड चढावर करा, म्हणजे रेडिएटर उंच राहील. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. तयार कूलंट असेल तर तसंच, घट्ट असेल तर पुस्तिकेतल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून हळूहळू ओता. छोट्या गाडीत साडेतीन ते पाच लिटर बसतं. काढलं पाच आणि भरलं साडेतीन, तर उरलेली हवा आहे. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि धार अखंड झाली की आवळा. झाकण न लावता इंजिन सुरू ठेवा, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत जा. होज तापू लागला की हात काढा. पंखा एकदा लागून बंद झाला आणि हीटरमधून कडक गरम हवा आली की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच.

गॅरेजला जायचंच असेल तर वहीतल्या नोंदी वाचून दाखवा. "चढाला, एसी बंद असताना, वीस मिनिटांनी, होज मऊ, बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा" एवढं सांगितलं की चांगला मेकॅनिक तुमच्याकडे मान वर करून बघतो. आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा.

माझ्या डिकीत आता पाच लिटरचा पाण्याचा कॅन, जुना टॉवेल, दोन होज क्लिपा, एक तीस अँपिअरचा फ्यूज, त्याच नंबरचा जादा रिले आणि ०.९ चं एक नवंकोरं झाकण असतं. गेल्या मे महिन्यात ते झाकण कसाऱ्यातच दुसऱ्या एका गाडीला बसलं. त्यांचीही बाटली काठोकाठ भरलेली होती.